एकाच चेहऱ्यावर चार तऱ्हेचे डाग: तासगाव भागातलं एक प्रकरण

पार्श्वभूमी

शोभाताई तासगाव तालुक्यातल्या. नाव खरं नाही आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. वय ४७. घरची द्राक्षबाग, थोडा ऊस, दोन म्हशी. औषधं, पाणी आणि व्यापारी नवरा बघतो. फुटी काढणं, विरळणी म्हणजे घडातले मणी विरळ करणं, घड तोडणं ही हातानं करायची कामं शोभाताई आणि गावातल्या बायकांची टोळी करते. माल उतरला की फेब्रुवारीपासून बेदाण्याची शेड सुरू होते, ती एप्रिलपर्यंत चालते.

जानेवारीच्या अखेरीस मुलीला सोबत घेऊन त्या सांगलीला माझ्याकडे, त्वचारोगाच्या दवाखान्यात आल्या. मुलीचं लग्न मेमध्ये ठरलेलं. खुर्चीवर टेकता टेकताच त्यांनी मागणी सांगून टाकली, "मॅडम, लग्नापत्तुर तोंड उजळ करून द्या. हळदीच्या फोटूत मी पोरीची आई दिसाय पायजे, आजी न्हाई."

गालांवरचे डाग पहिल्यांदा धाकट्या मुलाच्या वेळी, पोटुशी असताना आले होते. बाळंतपणानंतर बरेच निवळले. पस्तिशीनंतर परत आले ते गेलेच नाहीत. लिंबू-हळद, तुरटी, कोरफड, टोमॅटोची फोड, साय, सगळं करून झालं होतं. यातला लिंबू तेवढा खरोखर घातक. लिंबाचा रस लावून उन्हात गेलं की त्वचा भाजल्यासारखी होते आणि तिथे नवा काळा डाग उठतो. घरगुती उपाय म्हणजे निदान अपाय तरी नाही, हा समज लिंबाच्या बाबतीत खोटा आहे.

तीन वर्षांपूर्वी जावेनं एक ट्यूब आणून दिली. रात्री लावायची. पंधरा दिवसांत तोंड लख्ख झालं. पुढे ट्यूब संपली की आठवडाभरात डाग पहिल्यापेक्षा गडद व्हायचे, चेहरा चुणचुणायचा, म्हणून दुसरी आणायची. मेडिकलवाल्यानं कधी चिठ्ठी मागितली नाही.

अडचण नेमकी काय होती

त्यांच्या लेखी अडचण एकच होती, तोंड काळं पडलंय. तपासल्यावर दिसलं की त्या एका तक्रारीखाली चार वेगवेगळ्या गोष्टी होत्या आणि पाचवी त्यांच्यावर पसरली होती.

दोन्ही गाल, वरचा ओठ आणि कपाळ यांवर नकाशासारख्या कडांचे, दोन्ही बाजूंना सारखे तपकिरी पट्टे होते. हा वांग. त्याच्यामागे ऊन, हार्मोन आणि अनुवंश असे तिघे असतात. कानशिलांवर आणि हातांच्या पाठीवर मसुराएवढे, स्पष्ट कडांचे, सपाट गोल डाग होते. हे उतारवयातले डाग, अनेक वर्षांच्या उन्हाचा साठलेला हिशेब. डोळ्यांभोवती आणि गालाच्या वरच्या भागात बारीक, उठावाचे काळे मस होते. त्यांच्या आईलाही ते होते. ते उन्हापेक्षा घराण्यातून येतात आणि कुठल्याही क्रीमनं जात नाहीत. चौथी गोष्ट मानेवर, पदराखाली. तिथली त्वचा जाडसर, मखमली आणि काळी होती, काखेतही तशीच. हा त्वचेचा रोग कमी आणि शरीरात इन्सुलिन नीट काम करत नसल्याची खूण जास्त.

या सगळ्यावर ट्यूबचे परिणाम. गाल लालसर आणि पातळ झालेले, भिंगातून बारीक लाल शिरांचं जाळं दिसणारं, हनुवटीवर पुटकुळ्या, गालांवर वाढलेली लव. ती लव काढायला त्या पार्लरमध्ये ब्लीच करून घेत होत्या.

ट्यूब पर्समध्येच होती. डाग फिके करणारं हायड्रोक्विनोन, त्वचेची साल काढणारं ट्रेटिनॉइन आणि मोमेटासोन हे स्टेरॉइड, असं मिश्रण. तिन्हींचा मेळ घालायची कल्पना क्लिगमन आणि विलिस या अमेरिकी डॉक्टरांनी १९७५ मध्ये मांडली आणि ती वाईट नाही. डॉक्टरांच्या नजरेखाली काही आठवडे वापरली तर आजही वांगावर काम करते. आपल्याकडे मात्र त्यात मोमेटासोनसारखं जोरदार स्टेरॉइड आलं आणि गोरेपणाची क्रीम म्हणून ती वर्षानुवर्षं चेहऱ्यावर बसली. २०१८ मध्ये केंद्र सरकारनं अशी स्टेरॉइड मलमं चिठ्ठीशिवाय विकू नयेत म्हणून ती अनुसूची एचमध्ये ओढली. शोभाताईंच्या ट्यूबवर तो इशारा छापलेलाही होता, पण इंग्रजीत, आणि भिंगाशिवाय वाचता येणार नाही इतक्या बारीक अक्षरात.

पहिला निर्णय: कशापासून सुरुवात?

पेशंटला लग्नाआधी उजळायचं होतं. चार महिनेही हातात नव्हते. तालुक्याच्या गावातल्या एका पार्लरनं लेझर आणि पीलचं, म्हणजे रसायनानं त्वचेचा वरचा थर काढायचं, सहा बैठकांचं पॅकेज सांगितलं होतं आणि मुलीनं त्यासाठी पैसे बाजूला काढले होते. त्यामुळे पहिला प्रश्न ते पॅकेज घ्यायचं की नाही हाच.

मी नको म्हटलं. वांगावर लेझर मारला की डाग काही आठवडे फिके दिसतात, मग बहुतेकदा परततात. आपल्या सावळ्या-गव्हाळ त्वचेत तर त्या उष्णतेनंच जास्त काळे होऊ शकतात किंवा मधे मधे पांढरे ठिपके राहतात. त्यात स्टेरॉइडनं पातळ झालेल्या चेहऱ्यावर लेझर मारायचा आणि चार दिवसांनी ती बाई बेदाणा शेडवर जाणार, म्हणजे डागांचं पीक घ्यायची तयारीच. मुलीला हे पटायला वेळ लागला, कारण तिच्या मोबाइलमध्ये आधीचे आणि नंतरचे फोटो होते. तसले फोटो किती दिवसांनी काढलेत ते कधी लिहिलेलं नसतं, एवढंच मी तिला दाखवलं.

ट्यूब बंद करायची हे नक्की होतं. कशी, यावर मात्र विचार करावा लागला. तीन वर्षांचं स्टेरॉइड एकदम थांबवलं की चेहरा भडकतो. एक रस्ता असा की डेसोनाइडसारखं सौम्य स्टेरॉइड दिवसाआड देऊन दोन-तीन आठवड्यांत उतरवत आणायचं. त्रास कमी होतो आणि पुस्तकात तो बरोबर आहे. दुसरा रस्ता स्टेरॉइड पूर्ण थांबवून टॅक्रोलिमस हे स्टेरॉइड नसलेलं मलम आणि साधं मॉइश्चरायझर देण्याचा. यात सुरुवातीला आग जास्त होते.

मी दुसरा घेतला आणि कारण औषधशास्त्राचं नव्हतं. त्या घरात ट्यूब म्हणजे ट्यूब. ही वाईट होती, आता मी देते ती हलकी आणि चांगली, पण तीही तीन आठवड्यांत बंद करायची, हा फरक सासू, जाऊ आणि मेडिकलचं दुकान यांच्यातून पार होईल असं मला वाटलं नाही. शिकलेल्या, एकट्या राहणाऱ्या पेशंटला मी कदाचित पहिला रस्ता दिला असता.

पुटकुळ्यांसाठी गोळी निवडतानाही अडलं. अशा वेळी हाताशी येते ती डॉक्सिसायक्लिन ही अँटिबायोटिक, पण तिनं त्वचा उन्हाला हळवी होते. मिनोसायक्लिन स्वतःच निळसर-काळे डाग पाडू शकते. दिवसभर रानात असणाऱ्या डागांच्या पेशंटला दोन्ही नकोत. शेवटी अझिथ्रोमायसिनवर भागवलं.

रक्त तपासलं. तीन महिन्यांची सरासरी साखर, म्हणजे एचबीए१सी, ६.१ आली. मधुमेह नाही, पण उंबऱ्यावर.

ट्यूब बंद झाल्यावरचे तीन आठवडे

हे आठवडे वाईट जाणार हे आधीच सांगून ठेवलं होतं. पहिल्या दिवशी फोटो काढला, मुलीच्या मोबाइलवरही पाठवला आणि सांगितलं की दहाव्या दिवशी चेहरा याहून वाईट दिसेल आणि तो तसा दिसणं अपेक्षित आहे.

आठव्या दिवशी मुलीचा व्हॉट्सॲपवर फोटो आला. गाल टोमॅटोसारखे लाल, हनुवटीवर पिवळसर पुटकुळ्या. सोबत निरोप होता की पप्पा म्हणतायत डॉक्टरनं तोंड बिघडवलं. दुसऱ्या दिवशी नवऱ्यालाही बोलावलं. त्यांना मी चेहरा दाखवत बसले नाही, ट्यूब दाखवली. तिनं आत काय झालं होतं ते सांगितलं आणि विचारलं, बागेत एखादं टॉनिक तीन वर्षं रोज मारलं आणि एकदम बंद केलं तर वेल काय करील? ते हसले. म्हणाले, "झोपंल की." त्यानंतर त्या घरातून विरोध झाला नाही.

याच काळात जाऊबाई एक नवी डबी घेऊन आल्या. पांढरी, वर नाव नाही, पार्लरमधून घेतलेली, सहा दिवसांत फरक पडेल म्हणून सांगितलेली. शोभाताईंनी ती लावायच्या आधी मला दाखवली, हे त्या सगळ्या महिन्यांतलं सगळ्यात शहाणपणाचं काम. बिननावाच्या अशा उजळवणाऱ्या क्रीममध्ये पारा असू शकतो. पारा रंग बनवण्याची क्रिया रोखतो म्हणून चेहरा खरंच उजळतो आणि त्वचेतून आत गेलेला पारा मूत्रपिंड बिघडवतो. २०२३ च्या सुरुवातीला अकोल्यातल्या एका तरुणीच्या आणि तिच्या घरातल्या आणखी दोघींच्या मूत्रपिंडाच्या आजाराचं मूळ असल्याच एका क्रीमपर्यंत गेल्याच्या बातम्या आल्या होत्या. अशा क्रीममध्ये पारा घालायला आपल्याकडे बंदी आहे. नकळत आलाच तरी त्याची मर्यादा १ पीपीएम, म्हणजे दहा लाखांत एक भाग, आहे. डबीवर नाव, बॅच क्रमांक आणि बनवणाऱ्याचा पत्ता नसेल तर ती मर्यादा तपासणार कोण? डबी जावेकडे परत गेली. जाऊबाईंनी स्वतः तिचं काय केलं ते मला कळलं नाही.

तिसऱ्या आठवड्यानंतर लाली उतरायला लागली. मार्चच्या पहिल्या आठवड्यात गाल शांत झाले. वांग मात्र तेवढाच होता, उलट लाली गेल्यामुळे जास्त उठून दिसत होता.

उन्हाचं काय करायचं

या प्रकरणात सगळ्यात जास्त वेळ इथं गेला आणि माझ्या मते सगळ्यात जास्त गुण इथंच आला.

उन्हात जाऊ नका, हा सल्ला शेतकरी बाईला देणं म्हणजे फी घेऊन काहीच न देणं. टोपी घाला, पदर घ्या, हेही मी आधी अनेकींना सांगत आले होते. शोभाताईंनी त्यातली गोम दाखवली. द्राक्षाचा मांडव डोक्याच्या वर. घड वर लोंबतो. विरळणी करताना, घड तोडताना दोन्ही हात वर आणि तोंड आभाळाकडे. "टोपी मागं पडती, पदर खांद्यावर येतोय. तोंडच वर करून काम हाय आमचं." म्हणजे भांगलणाऱ्या बाईला टोपीचा जो आडोसा मिळतो तो द्राक्षाच्या बाईला मिळतच नाही. गाल, वरचा ओठ, कपाळ, म्हणजे जिथं जिथं वांग होता तेच भाग पानांच्या फटींतून येणाऱ्या उन्हाला नेमके समोर येतात. मांडवाखाली सावली आहे असं वाटतं म्हणून कोणी काळजीही घेत नाही.

शिवाय आपल्या रंगाच्या त्वचेत वांगाला नुसते अतिनील किरण पुरवत नाहीत, डोळ्यांना दिसणारा उजेडही पुरवतो. नेहमीची पांढरी सनस्क्रीन तो उजेड अडवत नाही. तो अडवतो आयर्न ऑक्साइड, म्हणजे ज्या सनस्क्रीनला फाउंडेशनसारखा मातकट रंग असतो ती. वांगाला मी तीच देते, एसपीएफ ३० च्या वरची.

यात दोन अडचणी निघाल्या. पहिली पैशाची. चेहरा आणि मानेला पुरेल एवढी सनस्क्रीन म्हणजे दोन बोटांवर लांब ओढलेल्या दोन रेषा, साधारण एक ग्रॅमच्या वर. सकाळी एकदा आणि दुपारच्या आत एकदा, घामामुळे कधी तिसऱ्यांदा. ५० ग्रॅमची ट्यूब तीन आठवडे जेमतेम पुरते. बायका ती चार महिने पुरवतात आणि मग सनस्क्रीननं काही होत नाही म्हणतात. दुसरी अडचण लोकांची. रंगीत सनस्क्रीन लावली की मेकअप केल्यासारखं दिसतं. "तोंडाला रंग फासून रानात जाऊ व्हय? टोळी हसंल की."

इथं तीन पर्याय मांडले. नुसतं कापड, नुसती सनस्क्रीन, किंवा कामाची वेळ बदलणं. एकानं भागणार नव्हतं आणि तिन्ही पूर्णपणे जमणार नव्हते, म्हणून थोडं थोडं तिन्हींतून घेतलं.

कापड: कॉलेजच्या पोरी स्कूटीवर बांधतात तसा, डोळे सोडून सगळा चेहरा झाकणारा सुती स्कार्फ. जॉर्जेटचा किंवा झिरझिरीत पांढरा नाही, घट्ट विणीचा आणि गडद. तोंड वर केलं तरी तो जागचा हलत नाही. पहिले दोन दिवस टोळी हसली. मग त्यांतल्या दोघीतिघींनीही बांधायला सुरुवात केली, कारण फवारलेल्या पानांची पावडर नाकात जायची थांबली.

सनस्क्रीन: स्कार्फच्या आत, फक्त गाल, ओठाच्या वर आणि कपाळावर. स्कार्फखाली रंग दिसत नाही, त्यामुळे हसण्याचा प्रश्न मिटला आणि कमी जागेला लागत असल्यामुळे ट्यूब थोडी जास्त पुरली.

वेळ: मार्चपासून मेपर्यंत आपल्याकडे दुपारी अतिनील निर्देशांक ११ च्या वर जातो. मोबाइलवरच्या हवामानात तो आकडा दिसतो, मुलीनं तो आईला बघायला शिकवला. अकरा ते तीन या वेळात शोभाताईंनी मांडवातलं काम सोडून शेडनेटखालची बेदाण्याची प्रतवारी घ्यायची असं ठरलं. नवऱ्यानं हे मान्य केलं, पण मजूर कमी पडले त्या आठवड्यात मोडलंही. ते गृहीतच होतं.

जाता जाता चुलीचा विषय निघाला. भाकऱ्या अजून चुलीवर होत होत्या. उष्णतेनंही वांग चेततो, म्हणून सकाळच्या भाकऱ्या सुनेनं गॅसवर करायच्या ठरल्या. सासूबाईंना चव आवडली नाही. हा मुद्दा मी ताणला नाही.

औषधाचा निर्णय

मार्चच्या मध्याला, त्वचा शांत झाल्यावर, डाग फिके करणारं औषध सुरू करायचं होतं. सगळ्यात जोरदार हायड्रोक्विनोन. पण तीन वर्षं ते त्यांच्या तोंडावर होतंच. लांबलेल्या वापरानं त्वचेत कायमचा निळसर-काळा रंग बसू शकतो आणि तो वांगापेक्षा हट्टी असतो. भिंगाखाली तसं काही दिसलं नव्हतं, तरी परत त्याच वाटेनं जायचं नाही असं मी ठरवलं. २० टक्के अझेलिक ॲसिड दिलं. ते हळू चालतं, पहिले काही दिवस खाजतं, पण वांग आणि उरलेल्या पुटकुळ्या दोन्हींवर काम करतं आणि महिनोन्‌महिने लावता येतं.

पोटातून द्यायचं ट्रॅनेक्झॅमिक ॲसिड हा दुसरा पर्याय. वांगावर ते २५० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा देतात आणि बऱ्याच जणींना चांगला गुण येतो. शोभाताईंनी गोळीचं नाव ओळखलं, "ही तर पाळीत लई अंगावर जातंय तवा देत्यात ती." तेच औषध, जास्त मात्रेत. त्यांना गोळी हवी होती, कारण गोळीला कापड बांधावं लागत नाही.

हे औषध रक्ताची गुठळी विरघळू देत नाही, म्हणून देण्याआधी विचारायचे प्रश्न ठरलेले आहेत. रक्ताची गुठळी कधी झाली का, घरात कुणाला झाली का, हार्मोनच्या गोळ्या चालू आहेत का. पहिल्यांदा विचारलं तर उत्तर नाही. पाय कधी एकाच बाजूनं सुजला होता का, असं विचारल्यावर त्या थांबल्या. धाकट्याच्या बाळंतपणानंतर डावा पाय सुजून मिरजेला आठवडाभर राहिल्या होत्या, पोटात इंजेक्शनं घेतली होती. कागद नव्हते. सुजलेला पाय आणि पोटात इंजेक्शनं, म्हणजे पायात गुठळी झालेली असणार, मला आणखी कागद नको होते. गोळी रद्द. त्यासोबत आणखी एक गोष्ट निघाली. गणपतीला, नवरात्रात, घरच्या पूजेला पाळी पुढं ढकलायच्या गोळ्या त्या दर वर्षी घेत होत्या. त्या हार्मोनच्या असतात, वांगालाही बऱ्या नाहीत. मुलीच्या लग्नासाठी परत घ्यायचा विचार होताच. त्याबद्दल पायाचा इतिहास सांगून स्त्रीरोगतज्ज्ञांना विचारल्याशिवाय एकही गोळी घ्यायची नाही, एवढं मी चिठ्ठीवर ठळक लिहून दिलं.

लग्न

मेपर्यंत लाली, पुटकुळ्या आणि आग गेली होती. वांग थोडा फिका, निम्मासुद्धा नाही. त्यांना अपेक्षा होती तसं तोंड उजळलं नव्हतं आणि ते त्यांनी मला तसं सांगितलं. लग्नाच्या आधी ब्लीच आणि फेशियल नाही, उटण्यात लिंबू नाही, लव थ्रेडिंगनं काढायची आणि तीही आठवडाभर आधी, एवढी पथ्यं पाळली. हळदीला सांगलीचीच हळद, तेलात कालवून. तिला माझी हरकत असायचं कारण नव्हतं. फोटोसाठी चांगल्या पार्लरवालीनं मेकअप केला. स्टेरॉइडनं पोळलेल्या गालावर तो टिकला नसता, म्हणजे फेब्रुवारीतला त्रास अगदीच वाया गेला नाही.

पावसाळा आणि राहिलेले डाग

ढगाळ दिवसांत, रानातलं काम कमी असताना, बाकीच्या गोष्टी हाती घेतल्या.

मस जुलैमध्ये रेडिओफ्रिक्वेन्सीनं जाळून काढले. आधी गळ्याजवळचे दोन काढून बघितले, ते नीट भरले, मग चेहऱ्यावरचे. बारीक तपकिरी खुणा महिना-दीड महिना राहिल्या. हे काम त्यांना सगळ्यात आवडलं, कारण फरक लगेच दिसला.

हातावरच्या डागांपैकी एकच अतिथंड नायट्रोजननं गोठवून पाहिला. डाग गेला, पण त्याजागी फिकट पांढरा ठिपका राहिला. गव्हाळ हातावर तो तपकिरी डागापेक्षा जास्त दिसतो. उरलेल्यांना हात लावायचा नाही असं शोभाताईंनीच ठरवलं आणि मला ते पटलं. या डागांमुळे काही होत नाही. कानशिलावरचा एक डाग जरा वेडावाकडा होता, तो भिंगाखाली नीट तपासला. वयाचाच निघाला. आपल्याकडे त्वचेचा काळा कर्करोग बहुधा चेहऱ्यावर नसतो, तळपायाला किंवा नखाखाली सापडतो, म्हणून तपासताना चपला काढायला लावणं ही माझी सवय आहे. आकार किंवा रंग बदलणारा, रक्त येणारा, न भरणारा डाग कुठंही असो, दाखवायचाच.

मानेसाठी क्रीम दिली नाही. घरच्या डॉक्टरांकडे पाठवलं. चहातली साखर गेली, संध्याकाळी गावातल्या बायकांबरोबर कॅनॉलच्या रस्त्यानं चालणं सुरू झालं. ऑक्टोबरमध्ये वजन चार किलोनं कमी आणि एचबीए१सी ५.८. मानेचा जाडसरपणा उतरला, रंगही काहीसा.

निष्पत्ती

सप्टेंबरच्या फोटोत वांग जानेवारीच्या निम्म्यावर होता. फळछाटणी ऑक्टोबरमध्ये झाली, नोव्हेंबर-डिसेंबरात विरळणी आली आणि जानेवारीत गालांवरचे पट्टे पुन्हा थोडे गडद झाले. वर्षापूर्वीइतके नाहीत. स्टेरॉइडची खूण म्हणून गालांवरच्या काही लाल शिरा मात्र राहिल्या आहेत आणि त्या राहतील.

वांग उलटतो हे पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, म्हणून या वेळी त्या घाबरून मेडिकलमध्ये गेल्या नाहीत. जावेनं ट्यूब सोडली का विचारलं, तर म्हणाल्या, "सोडली न्हाई, पर आता लपवून लावती."

काय वेगळं करता आलं असतं

नवऱ्याला पहिल्याच भेटीत बोलवायला हवं होतं. डागांची तक्रार बाईची, पण कामाची वेळ, पैसे आणि भडकलेल्या चेहऱ्याचा धीर हे सगळं घरावर अवलंबून होतं. त्यातल्या प्रत्येक गोष्टीवर नंतर वेगवेगळं बोलावं लागलं.

सौम्य स्टेरॉइडनं उतरवत आणलं असतं तर ते तीन आठवडे सोसायला सोपे गेले असते. घर वेगळं असतं तर मीही तेच केलं असतं. या घरासाठी निर्णय बरोबर होता असं मला अजूनही वाटतं, पण सहकाऱ्यांपैकी काहींना वाटत नाही आणि त्यांचा मुद्दा निकाली निघालेला नाही.

मोठा प्रश्न काळाचा. जानेवारीत येणं म्हणजे सगळ्यात कडक उन्हाच्या तोंडाशी उपचार सुरू करणं. त्या जूनमध्ये आल्या असत्या तर ट्यूबचा भडका ढगाळ दिवसांत निघाला असता, अझेलिकला चार महिने मिळाले असते आणि विरळणीच्या आत चेहरा तयार असता. लग्नाच्या तारखेनं ते होऊ दिलं नाही. आता तालुक्याकडच्या पेशंटना मी घाई नसेल तर बागेचं वेळापत्रक आधी विचारते आणि उपचार त्याला जोडून लावते.

आणि मेडिकलवाला. त्याच्याशी कुणीच बोललं नाही. शोभाताईंना गावात वाईटपणा घ्यायचा नव्हता आणि पेशंटच्या मनाविरुद्ध, ओळख पटेल अशा रीतीनं मी तिथं जाणं योग्य नव्हतं. नाव न घेता तालुक्यातल्या औषधविक्रेत्यांच्या बैठकीत हा विषय मांडता आला असता. तो अजूनही मांडता येईल.

सध्या रात्री अझेलिक, दिवसा रंगीत सनस्क्रीन आणि स्कार्फ चालू आहे. पुढची तपासणी खरडछाटणी, म्हणजे माल उतरल्यावरची छाटणी, उरकल्यावर, मेच्या अखेरीस. तेव्हा साखर परत बघायची आहे, आणि मुलीला दिवस गेलेत, तिच्याही गालांवर डाग उमटू लागलेत, म्हणून तीही सोबत येणार आहे.